पडद्याकडे पाठ

दाराच्या काचेतून दिसत होतं ते एवढंच: खुर्च्या चार, त्यांतली एक रिकामी. माणसं तीन, शिवाय कोपऱ्यात संगणकापाशी स्टुलावर बसलेले कॅमेरावाले काका. पुठ्ठ्याची कार्डं सहा, प्रत्येकाच्या मांडीवर एक निळं आणि एक पिवळं. चष्मे दोन. पाण्याची बाटली एक, झाकण उघडं. पडदा दिसत नव्हता, कारण तो दाराच्याच भिंतीवर होता. त्यामुळे पडद्यावरचं बाळही दिसत नव्हतं.

रिकामी खुर्ची मोजपट्टीची होती. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. बाळांच्या तपासणीच्या या केंद्रात लागून आठवडा झाला नाही तोच तिने चहाच्या यंत्रातला प्रत्येक कप किती भरतो ते मापून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ते तिला चिकटलं ते चिकटलंच. विज्ञानाची पदवी घेऊन ती इथे निरीक्षक झाली त्याला आठ महिने झाले होते. आज मात्र तिला बाहेर काढलं होतं. नात्यातल्या बाळाची फीत लागली की निरीक्षकाने उठायचं, असा नियमच होता. आणि पडद्यावर तिच्या ताईची मुलगी होती.

काम ऐकायला सोपं होतं. तीन-चार महिन्यांचं बाळ उताणं ठेवायचं. अंगावर लंगोटाखेरीज काही नाही, तोंडात चोखणी नाही, जवळ खेळणं नाही, आणि कुणी लाडेलाडे बोलायचं नाही. मग वरून तीन मिनिटांचं चित्रीकरण करायचं, तीच फीत. त्या वयाचं बाळ जागं आणि शांत असलं की त्याच्या मानेत, मनगटांत, खांद्यांत, घोट्यांत बारीक हालचाली अखंड चालू असतात. लाथा नव्हेत, हात झाडणं नव्हे, त्या सगळ्याच्या खालची एक नाजूक वळवळ. केंद्रात तिला सगळे चुळबुळ म्हणत. चुळबुळ दिसली तर बहुतेक वेळा घोर मिटला. नाही दिसली तर मेंदूला कुठेतरी इजा झालेली असण्याची, पुढे मूल बसायला-चालायला अडण्याची शक्यता फार वाढते. त्यासाठी यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. लागतात फक्त डोळे. आणि एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नये म्हणून डोळ्यांच्या चार जोड्या.

फीत संपली की प्रमुख बाई ‘एक, दोन, तीन’ म्हणत आणि सगळे एकदम कार्ड उचलत. निळं म्हणजे चुळबुळ दिसते, पिवळं म्हणजे दिसत नाही. कुणी कुणाची नक्कल करू नये म्हणून हे एकदम उचलणं. चौघांची मतं किती जुळतात याचा आकडा केंद्राच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लावला होता: ०.९२. योगायोगाने जुळतील तेवढी मतं वगळून उरलेली ही सहमती. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखं. शून्य पूर्णांक ब्याण्णव म्हणजे मान ताठ करून चालावं असा आकडा.

मोजपट्टी काचेला नाक लावून उभी होती. पडदा दिसेना, म्हणून ती बघणाऱ्यांकडेच बघत राहिली. आठ महिन्यांत असं तिने कधी केलं नव्हतं. कशाला करेल? सगळे जिकडे बघतात तिकडेच माणूस बघतो.

पुढच्या खुर्चीत बाई होत्या. केंद्राच्या प्रमुख, बाळांच्या डॉक्टर, पस्तीस वर्षांचा अनुभव. त्यांच्या मागे उजवीकडे लांब्या, व्यायामोपचार करणारा, दारातून वाकून येणारा. डावीकडे सिस्टर, अर्धं आयुष्य नवजात बाळांच्या विभागात काढून इथे आलेल्या.

साधारण निम्मी फीत झाली असेल. बाईंनी चष्मा काढला. काचांवर हलकेच फुंकर मारली आणि पांढऱ्या कोटाच्या टोकाने त्या पुसायला लागल्या.

सिस्टरांनी खुर्चीत बूड हलवलं. लांब्याचा हात दोन कार्डांच्या मधोमध होता, तो अलगद घसरून पिवळ्यावर गेला. बाईंनी चष्मा परत चढवला. फीत संपली. काचेआडून आवाज आला नाही, पण ओठ दिसले: एक, दोन, तीन.

पिवळं. पिवळं. पिवळं.

ताईची मुलगी दहा आठवडे आधी जन्मली होती, काचेच्या पेटीत राहिली होती, आणि घरातल्या प्रत्येकाने या तीन मिनिटांवर जीव टांगून ठेवला होता. पण मोजपट्टीच्या मनाचा एक कोपरा दुसरंच काहीतरी बघत होता. लांब्याचा तो घसरलेला हात. आणि मग तिला दिसला तो स्वतःचा हात. मांडीवर, दोन कार्डांच्या मधोमध थांबलेला. तो कशाची वाट बघत असायचा?

ते कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

“हे बघ, हे हाललं. हे धरतात का?”

ताईने बाळाला खोलीच्या मधोमध सतरंजीवर उघडं ठेवलं होतं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून वाकली होती. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. बाळ छताकडे बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होतं.

“ती लाथ आहे, ताई. लाथ धरत नाहीत.”

“आणि हे? ही बोटं?”

“बोटांचं एकट्याचं धरत नाहीत. मान, खांदे, मनगटं, सगळीकडे थोडं थोडं, न थांबता...”

“हे मला त्या बाईंनी सांगितलंय. तू नवीन काही सांग.”

मोजपट्टीने सांगितलं. चष्मा, फुंकर, कोटाचं टोक, लांब्याचा हात. सांगताना तिचा आवाज चढत गेला. “चौघं चौघं म्हणून मिरवतात आणि बघतो एकजण! बाकीचे नुसती री ओढतात. मीसुद्धा ओढली, आठ महिने. भिंतीवर लावलाय तो आकडा सहमतीचा नाहीच, तो आज्ञाधारकपणाचा आहे!”

ताईने मान वर केली. “म्हणजे माझी पोरगी बरी आहे?”

“तसं नाही म्हटलं मी.”

“मग काय म्हटलंस?”

“मी म्हटलं, त्या दोघांनी तिला बघितलंच नाही.”

“आणि बाईंनी?”

मोजपट्टीने बाळाच्या पायाखालची सतरंजी सरळ केली.

“बाईंनी बघितलं ना? मग झालं तर. तुझ्या चष्म्याच्या गोष्टीने हिची मनगटं हलणार आहेत का, छोटे?” ताई उठली आणि पुन्हा बसली. “तू सगळ्या जगाची मापं काढतेस, मला एवढंच सांग. हिला उचलू की नको? उचलली की हालचाल थांबते. ठेवली की मी बघत बसते. काल दुपारपासून मी हिला खेळवलेली नाही. नुसती तपासलीय. तुझे भावजी स्वयंपाकघरात उभ्याने जेवतात, कारण इथे आले की तेही बघत बसतात. माझ्या दिराला विचारलं, तो म्हणाला मला तर सगळीच मुलं अशी दिसतात. मी त्याच्या अंगावर ओरडले.”

“दुसरी फीत काढून घेऊ. अजून वेळ आहे. पाचव्या महिन्यानंतर ही चुळबुळ आपोआपच जाते, मग कुणालाच काही सांगता यायचं नाही. पण अजून काही आठवडे आहेत.”

“त्या नाही म्हणाल्या. मी पाया पडायची बाकी होते. म्हणाल्या, हवं ते उत्तर येईपर्यंत फिती काढत बसायचं का?”

हे वाक्य बरोबर होतं, हे मोजपट्टीला कळत होतं. आणि ते बरोबर होतं याचाच तिला जास्त राग आला. बाळाने तेवढ्यात एक जोरदार शिंक दिली. दोघी बहिणी एकाच वेळी दचकून खाली वाकल्या, आणि मग ताईने तिला घाईघाईने उचलून दुपट्यात गुंडाळलं, जणू कुणी खिडकीतून बघत होतं.

*

पुढच्या बैठकीला सहा फिती होत्या. सगळे आपापल्या जागी बसले. मोजपट्टीने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. आता तिच्यासमोर बाईंचा चेहरा होता, चार हातांवर.

“हे काय?” बाई म्हणाल्या.

“एक प्रयोग आहे. सहा फिती झाल्या की सांगते. माझं मत आज धरू नका.”

“इथे बाळं तपासतात. नाटकं नाहीत करत.”

“सहाच फिती, बाई.”

“रुसलीय ती,” लांब्या म्हणाला. “बसू द्या. पाठीला पण डोळे फुटतील.”

सिस्टरांनी त्याला कोपराने ढोसलं. काका खाकरले आणि त्यांनी पहिली फीत लावली.

पडद्याकडे पाठ करून बसलं की खोली वेगळीच वाटते. बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा निळसर उजेड हलत होता. बाईंची नजर तीक्ष्ण होती, हे मोजपट्टीला मान्यच करावं लागलं. त्या खरंच बघत होत्या, डोळ्यांत तेल घालून. पहिल्या फितीला त्या पुढे झुकल्या आणि तशाच राहिल्या. एक, दोन, तीन. मोजपट्टीने निळं उचललं. कोपऱ्यातून काकांनी नोंदवताना म्हटलेलं तिला ऐकू आलं, “निळं, तिन्ही.”

दुसरी, निळं. तिसऱ्या फितीला बाईंनी चष्मा काढला. फुंकर. कोटाचं टोक. मोजपट्टीने पिवळं उचललं. “पिवळं, तिन्ही.” चौथी निळी. पाचवीला चष्मा उतरला, पिवळं. सहावी निळी.

मोजपट्टीने खुर्ची सरळ केली. “सहापैकी सहा. मी एकही बाळ बघितलेलं नाही.”

“मी म्हटलं नव्हतं, पाठीला डोळे?” लांब्या हसला. आणि मग त्याचं हसणं तिथेच थांबलं, कारण बाकी कुणी हसत नव्हतं.

“डोळे लागलेच नाहीत. बाईंना चुळबुळ दिसेनाशी झाली की त्या चष्मा काढतात आणि पुसतात. दिसत असली की काढत नाहीत. आपण सगळे त्यावर कार्ड उचलतो. गेले आठ महिने मीही तेच केलं. आधी किती वर्षं चाललंय कुणास ठाऊक.”

बाईंचा हात चष्म्याकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला.

“मी माझ्या डोळ्यांनी बघतो हां!” लांब्याचा आवाज चिरकला. “कुणाचे चष्मे बघत बसायला मला वेळ नाही!”

“मग चष्मा उतरल्यावर तुझा हात पिवळ्यावर कसा जातो? मी काचेतून बघितलंय. माझ्या भाचीच्या वेळी.”

“आता आलं बाहेर,” बाई शांतपणे म्हणाल्या. शांत आवाजातली चीड ओरडण्यापेक्षा वाईट असते. “भाचीचा निकाल पिवळा आला म्हणून ही आग. निळा आला असता तर माझा चष्मा दिसला असता तुला?”

मोजपट्टीने एक श्वास घेतला. “नसता दिसला.”

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.”

“हो. तसंच. पण मला दिसला नसता म्हणून तो उतरत नव्हता असं थोडंच होतं?”

बाटलीचं झाकण सिस्टरांच्या हातातून पडलं आणि खुर्च्यांखाली गडगडत गेलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

“सिस्टर, तुम्ही तरी सांगा,” मोजपट्टी म्हणाली.

सिस्टरांनी दोन्ही कार्डं मांडीवर नीट एकावर एक ठेवली. “काय सांगू, पोरी? मला कधी कधी दिसते चुळबुळ आणि बाई चष्मा पुसत असतात. मग मला वाटतं, पस्तीस वर्षं बघणाऱ्या बाईला जे दिसत नाही ते मला दिसतंय म्हणजे माझंच चुकतंय. असंच वाटणार ना माणसाला?”

“मग चार खुर्च्या कशाला? एकच मांडा की! भिंतीवर लावा, बाईंना असं वाटलं. लोक निदान समजून तरी घेतील. लोकांना आपण चौघांनी पाहिलं म्हणून सांगतो. माझ्या बहिणीला तुम्ही काय सांगितलंत? ‘तिघांचंही एकमत आहे.’ हेच शब्द ना? तिने ते ऐकलं म्हणून दुसऱ्या कुणाला विचारायलासुद्धा ती गेली नाही. एकमत म्हटल्यावर जायचं कुठे?”

बाई उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. मोजपट्टीला वाटलं, आता ही आपल्याला हाकलणार. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

“मोज,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“तुला मोजायचंय ना? मोज मग. एकेकाला वेगळं बसव. कसं मोजायचं ते तू ठरव, मी एका शब्दाने आड येणार नाही. पण एक अट. तूही बसायचंस. काचेबाहेर उभं राहून दुसऱ्यांचे चष्मे मोजणं सोपं असतं.”

*

काकांनी जुन्या तीस फिती निवडल्या. त्यांत ताईच्या मुलीची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक फीत त्यांनी आरशातल्यासारखी उलटी केली, डावं ते उजवं. चेहऱ्यावर काळी चौकट बसवली, मनगटावरचे पट्टे पुसट केले, चटईचा रंगसुद्धा सगळीकडे एकच केला. दहा फिती न सांगता दोनदा घातल्या, म्हणजे प्रत्येकाचं स्वतःशी किती जुळतं तेही कळावं. चाळीस फिती, क्रम काकांच्या मनाचा. बसायला मागची सामानाची खोली, एक खुर्ची, एक पडदा, दाबायला दोन कळी: दिसते, दिसत नाही. नात्यातलं बाळ ओळखू आलं तर उठून बाहेर यायचं आणि काकांना सांगायचं.

लांब्या बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता. “डोळ्यांचं भरीत झालं,” म्हणाला आणि मोजपट्टीशी न बोलता निघून गेला. सिस्टर बाहेर आल्या त्या डोळे टिपत. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी फक्त पाणी मागितलं.

मग मोजपट्टी आत गेली.

पहिली फीत सुरू झाली. बाळ हात वर नेत होतं, पाय पोटाशी घेत होतं. मान वळली. हे काय होतं? चुळबुळ, की नुसतंच वळणं? मनगट फिरलं, थांबलं. फीत संपत आली आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात दोन कळींच्या मधोमध थांबलाय आणि कशाची तरी वाट बघतोय. समोर चष्मा नव्हता.

तिने स्वतःला एक शिवी दिली आणि कळ दाबली.

दहाव्या-बाराव्या फितीपर्यंत तिचा राग बाईंवरून उतरून स्वतःवर आला, मग प्रशिक्षणावर, मग त्या पहिल्या माणसावर ज्याने म्हटलं असेल की फक्त नीट बघायचं, बाकी काही लागत नाही. नीट बघायचं! एकदा वाटे, हो, आहे, सगळीकडे आहे, उकळी फुटायच्या आधीच्या पाण्यासारखी. पुढच्याच क्षणी वाटे, आपण बघायला बसलोय म्हणून दिसतेय. आठ महिन्यांत तिने शेकडो कार्डं उचलली होती. त्यांतलं एकही तिचं नव्हतं.

विसाव्या फितीला ती ताठ झाली. बाळ एका पायाची टाच दुसऱ्या घोट्यावर घासत होतं, सारखी, छोट्या छोट्या फटक्यांनी. ताईची मुलगी हेच करायची. उजवी टाच, डाव्या घोट्यावर. इथे डावी टाच होती, कारण फीत उलटी होती. बरोबर. हीच.

उठायला हवं होतं. नियम तिनेच घालून घेतला होता. ती उठली नाही. तिच्या डोळ्यांसमोर सतरंजी आली, गुडघ्यांवर वाकलेली ताई आली, ‘तिघांचंही एकमत’ आलं. आणि पडद्यावर बघ, बघ की, मनगटात आहे, मानेत आहे, खांद्यात आहे! आंधळे का हे सगळे? फीत निम्मी झाली नसेल तोच तिने कळ दाबली. दिसते. एवढ्या जोरात दाबली की बोट दुखलं.

उरलेल्या वीस फिती तिने एकीला दुसरीसारखीच वागणूक देत बघितल्या. आता त्यांतली कुठलीच तिची नव्हती.

*

आकडेमोड तिनेच केली, सकाळी, सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. याच तीस फितींची कार्डांवरची सहमतीही होती ०.९२. वेगवेगळं बसल्यावर ती निघाली ०.४१.

लांब्याने तो आकडा बघितला आणि खाली बघितलं. दोनदा दाखवलेल्या दहा बाळांवर स्वतःचं स्वतःशी जुळणं: बाई नऊ, मोजपट्टी आठ, सिस्टर सात, लांब्या सहा.

“भिंतीवरचा आकडा उतरवा,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, पुसला नव्हता. “आजच. आणि हिच्या बहिणीला मी बोलावलंय. एकमत आहे असं मीच तिला सांगितलं होतं. नव्हतं, हेही मीच सांगणार.”

“दुसरी फीत?” मोजपट्टीने विचारलं. तिचा आवाज अजूनही भांडायच्या तयारीत होता.

“दुसरी फीत. आम्ही तिघं वेगवेगळे. बाहेरून एक चौथा माणूस, ज्याने माझं तोंड कधी बघितलेलं नाही. अजून काही सुनवायचंय?”

“आठ महिन्यांत कुणी एकदाही...”

“कळलं,” बाई म्हणाल्या. “मला कळलं. आता पुरे.”

मोजपट्टी काकांकडे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, वीस नंबरला मी उठायला हवं होतं. मला ओळखू आली. मी उठले नाही. ती माझी नोंद काढून टाका.”

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. “वीस? वीस तुमची नव्हेच.”

“टाच घासते ती.”

“ते एका मुलाचं आहे. तो आता धावतो. निम्मी बाळं टाच घासतात हो.”

तिला पुढे काही विचारायचं होतं, पण दार उघडलं आणि ताई आत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं, जागं, लांब्याच्या उंचीकडे डोळे विस्फारून बघत. लांब्याने नकळत तिला बोट दिलं. तिने ते धरलं आणि सोडेना.

बाईंनी ताईला खुर्ची दिली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चष्म्याचंही. काही झाकलं नाही. ताई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “हिची कुठली, ते दाखवा मला.”

काकांनी एक फीत लावली. उताणं बाळ, चेहऱ्यावर काळी चौकट. मग त्यांनी चित्र सरळ केलं, उजवं ते उजवं, आणि चौकट काढली. पडद्यावर ताईची मुलगी छताकडे बघत होती. खांद्यावरची मुलगी पडद्यावरच्या मुलीकडे बघून हुंकारली.

“ही दोनदा घातली होती,” काका म्हणाले. “सात आणि तेहतीस.”

“कुणाला काय दिसलं?” ताईने विचारलं.

बाई म्हणाल्या, “मला नाही दिसली. दोन्ही वेळा.”

“मला दिसली,” सिस्टर म्हणाल्या. “दोन्ही वेळा.” बाईंकडे न बघता त्यांनी पुन्हा सांगितलं, “दोन्ही वेळा दिसली.”

लांब्याचं बोट अजून बाळाच्या मुठीत होतं. “सातला दिसली. तेहतीसला नाही.”

ताईने बहिणीकडे बघितलं. “आणि तुला, छोटे?”

मोजपट्टी पडद्यापाशी गेली आणि तिने आपली ओळ शोधली. सात: दिसत नाही. तेहतीस: दिसत नाही.